त्रेबोन : तळ्यांच्या गावातले चार दिवस

प्राग पाहून झाल्यावर हाताशी चार दिवस उरले होते आणि ते आणखी एखाद्या मोठ्या शहरात घालवायचे नाहीत, एवढे नक्की होते. नकाशा पाहताना दक्षिण बोहेमियात निळे ठिपके इतक्या दाटीने पसरलेले दिसले की, भंडारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाची नजर तिथेच अडकावी. आमच्याकडचा नकाशाही असाच दिसतो. त्या ठिपक्यांच्या मधोमध त्रेबोन हे नाव होते. स्थानिक लोकांचा उच्चार ‘त्र्शेबोन्य’च्या जवळपास जातो, तो मला चार दिवसांत नीट जमला नाही, म्हणून येथे आपल्याला सोयीचे रूप वापरतो आहे.

प्रागहून निघून वेसेली या जंक्शनला गाडी बदलली आणि पुढचा प्रवास दोन डब्यांच्या छोट्या गाडीने केला. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. उन्हाळ्यातील पर्यटक परतले होते, आणि आठ हजारांच्या आसपास वस्तीचे ते गाव संध्याकाळी सहा वाजताच दारे लावून घेत होते. मसारिक चौकात रंगीत दर्शनी भिंतींची घरे एकमेकांना खेटून उभी आहेत, आणि त्यांच्या तळमजल्यावरून कमानींची पडवी सलग जाते. पावसातही छत्री न उघडता चौकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता येते. ‘पांढऱ्या घोड्याचे’ म्हणून ओळखले जाणारे एक घर किल्ल्याच्या बुरुजांसारखी शिखरे घेऊन उभे आहे. त्यावर 1544 हे साल आहे. संत यिल्यी चर्चमध्ये मी बराच वेळ बसलो. 1367 साली येथे ऑगस्टिनियन मठ स्थापन झाला, आणि त्याच्या वेदीसाठी 1380 च्या सुमारास एका अज्ञात चित्रकाराने काढलेले फलक आज प्रागच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहेत. त्या चित्रकाराचे नाव कुणालाच ठाऊक नसल्याने कलेच्या इतिहासात तो या गावाच्याच नावाने ओळखला जातो. राजवाडाही पाहिला. येथील जहागीरदार रोझंबर्क घराण्याचा शेवटचा पुरुष पेत्र वोक 1602 मध्ये येथे राहायला आला आणि 1611 मध्ये येथेच वारला. तिथले दालन-दर-दालन वर्णन मी करणार नाही, कारण माझे मन तोवर तळ्यांकडे लागले होते.

ही तळी नैसर्गिक नाहीत, हे कळल्यापासून गावाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. हा सगळा प्रदेश मूळचा दलदलीचा, सपाट आणि नापीक. सोळाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत श्टेपानेक नेटोलिट्स्की नावाच्या तळीकाराने लुझ्नित्से नदीचे पाणी वळवून सुमारे 45 किलोमीटर लांबीचा एक पाट काढला. त्याला झ्लाता स्तोका, म्हणजे सोन्याचा पाट, म्हणतात. तो तळ्यांच्या साखळीला ताजे, प्राणवायूने भरलेले पाणी पुरवतो आणि शेवटी पुन्हा त्याच नदीला जाऊन मिळतो. गावाच्या कडेने, बागेतून जाताना तो सहज उडी मारून ओलांडता येईल असा वाटतो. सकाळी मी त्याच्या काठावर उभा राहून एक पिवळे पान पाण्यात सोडले. उतार इतका कमी की पाणी थांबलेलेच भासत होते. पण पान निघाले, आणि मी सावकाश चालत त्याच्याबरोबर शंभरेक पावले गेलो. पाचशे वर्षांपूर्वी कोणत्याही आधुनिक उपकरणाशिवाय एवढ्या सपाट जमिनीवर असा उतार काढणाऱ्या माणसाबद्दल मला जो आदर वाटला, तो राजवाड्यातील कुठल्याही दालनात वाटला नव्हता.

नेटोलिट्स्कीनंतरचे मोठे नाव याकुब कर्चीन याचे. तो 1569 मध्ये रोझंबर्कांच्या जहागिरीचा कारभारी झाला. 1571 ते 1573 या काळात त्याने गावाला अगदी लागून जे तळे बांधले, त्यासाठी गावाची एक पेठ पाडावी लागली, आणि लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. त्या तळ्याचे आधीचे नाव नेव्द्येक, म्हणजे कृतघ्नता. आज त्याला स्वेत म्हणतात, आणि स्वेत म्हणजे जग. कर्चीनने सैतानाशी करार केला होता, अशी दंतकथा या भागात अजून सांगतात. पाण्याखाली घर गेलेल्या माणसांनी बांधणाऱ्याबद्दल दुसरे काय सांगावे? धरणग्रस्तांच्या व्यथा ऐकतच आपण मोठे झालो आहोत, त्यामुळे ही दंतकथा मला मुळीच परकी वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी सायकल भाड्याने घेऊन उत्तरेला सहा-सात किलोमीटरवर असलेल्या रोझंबर्क तळ्यावर गेलो. कर्चीनने ते 1584 ते 1590 या सहा वर्षांत बांधले. सुमारे 490 हेक्टरचे हे तळे चेक प्रजासत्ताकातील सर्वांत मोठे मत्स्यतळे आहे, आणि त्याचा मातीचा बांध जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आहे. नदीच्या पुराचा सगळा भार या बांधावर येऊ नये म्हणून कर्चीनने ‘नवी नदी’ नावाचा वेगळा कालवा खोदून जास्तीचे पाणी शेजारच्या नेझार्का नदीत सोडले. ऑगस्ट 2002 च्या महापुरात हे तळे एरवीच्या कितीतरी पट पसरले आणि बांध टिकून राहिला. बांधावर जुने ओक दुतर्फा उभे आहेत. त्यांची मुळे माती धरून ठेवतात. त्या सावलीतून सायकल हातात धरून चालताना मी बाबांना फोन लावला. त्यांनी देवळाबद्दल किंवा राजवाड्याबद्दल एक शब्द विचारला नाही. ‘पारीवर झाडं कोणती आहेत रे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि ‘गाळ कोण काढते?’ हा दुसरा.

बाबांच्या प्रश्नांना कारण आहे. भंडारा-गोंदिया भागात तळ्याच्या बांधाला पार म्हणतात. कोहळी समाजाच्या लोकांनी तिथे काही शतकांपूर्वी हजारो तलाव बांधले, आणि आज ते मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (जमीनदारी) तलाव, म्हणून ओळखले जातात. धानाला पाणी आणि मासेमार ढिवरांना मासळी हे दोन्ही त्यातून मिळत असे. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पुढे कितीतरी तलावांत गाळ साचला, बेशरमीची झुडपे माजली. आमच्या गावचा तलावही त्यांतलाच एक. त्रेबोनच्या बांधावर उभे असताना मला आनंदाबरोबर जो सल जाणवला, तो हाच.

गाळाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला दुसऱ्याच सकाळी मिळाले. गावाजवळच्या एका लहान तळ्याची मासेमारी होती. मी उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी आदल्या रात्री खुणांनी आणि थोड्या जर्मन शब्दांनी ते समजावून सांगितले, आणि पहाटे स्वतःचे रबरी बूटही काढून दिले. येथे तळे भरलेल्या पाण्यात जाळे टाकून नव्हे, तर रिकामे करून मारतात. बांधातील निकासाचे दार उघडून बरेच दिवस पाणी हळूहळू सोडले जाते, आणि मासे बांधालगतच्या सर्वांत खोल जागी गोळा होतात. मी पोहोचलो तेव्हा तळ्याच्या जागी काळ्या चिखलाचे मैदान होते, त्यावर धुके होते आणि बगळे रांगेने उभे होते. छातीपर्यंत रबरी कपडे घातलेली दहा-बारा माणसे लांब जाळे हळूहळू आवळत होती. कुणी ओरडत नव्हते. जाळे आवळले तसे पाणी उकळू लागल्यासारखे झाले. मोठ्या झोळीने मासे उचलून लाकडी मेजावर ओतले जात आणि मेजाभोवतीची माणसे न थांबता त्यांची निवड करत : कार्प एका पिंपात, पाइक दुसऱ्यात, लहान पिल्ले पुन्हा पाण्यात. हा कार्प म्हणजे आपल्याकडचे मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच. एक मासा माझ्या पायाशी येऊन पडला. पाठ ऑलिव्हसारखी हिरवट, पोट पितळेसारखे पिवळे, तोंडाच्या कडेला आखूड मिशा, आणि प्रत्येक खवल्याला कुणी सुईने ओढावी तशी बारीक गडद किनार. विक्रीच्या आकाराचा व्हायला त्याला तीन-चार वर्षे लागतात, आणि त्या काळात त्याला वयानुसार एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात हलवले जाते.

पकडलेले मासे लगेच बाजारात जात नाहीत. वाहत्या स्वच्छ पाण्याच्या हौदांत त्यांना आठवडेच्या आठवडे ठेवतात, म्हणजे चिखलाचा वास जातो. मग नाताळच्या आधी देशभर रस्त्यारस्त्यावर पिंपे मांडली जातात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तळलेला कार्प आणि बटाट्याची कोशिंबीर हेच चेक घरातले जेवण असते. ताटाखाली खवला ठेवतात आणि तो वर्षभर पाकिटात बाळगला की पैसा टिकतो, असे मानतात. मालकीणबाईंनी आपल्या पाकिटातला खवला मला दाखवला. तो नखाएवढा, कडेने झिजलेला आणि पार पारदर्शक झालेला होता. त्या दिवशी दुपारी मी चौकातल्या खानावळीत कार्पचे तळलेले तुकडे खाल्ले. चव आपल्या रोहूपेक्षा जड आहे, काटे तितकेच.

संध्याकाळी त्याच तळ्यावर पुन्हा गेलो. माणसे, पिंपे, मेज काहीच उरले नव्हते. निकासाचे दार बंद झाले होते आणि वरच्या बाजूने पाट सोडला होता. चिखलाच्या मधोमध हाताएवढ्या रुंदीची पाण्याची एक रेघ पुढे सरकत होती, आणि सकाळचे बगळे आता तिच्या कडेने उभे होते. मी बाबांना पुन्हा फोन केला आणि दार कुठे आहे, पाट किती रुंद आहे, तळ रिकामा पडला की गाळ कसा उघड्यावर येतो आणि काढता येतो, हे सगळे सांगितले. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. फक्त शेवटी म्हणाले, फोटो काढ, दाराचा जवळून काढ.