तीन पांढरे दिवे

डिसेंबरातली रात्र. मांडव्याची शेवटची फेरी उतरवून रिकामी लाँच भाऊच्या धक्क्याला मुक्कामाला नेत होतो. सुकाणूवर आमचा खलाशी पोरगा. त्याची लायसन्सच्या परीक्षेची तयारी चालली होती, म्हणून मी नुसता बाजूला उभा.

मुंबई बंदरात रात्री समुद्रापेक्षा शहराचाच त्रास जास्त. कुलाब्यापासून सगळा किनारा पेटलेला. त्यात बोटीचा दिवा कुठला नि बाराव्या मजल्यावरचा कुठला, हे पहिली दोन वर्षं कळतच नाही. जो दिवा मागच्या दिव्यांवरून सरकतो, तो बोटीचा, एवढीच खूण.

"काका, उजवीकडे टग. लाल दिसतोय."

म्हणजे त्या ओढबोटीची डावी बाजू आपल्याकडे. ती उजवीकडून आडवी येतेय, वाट आपण द्यायची. "पाठीमागनं काढतो," म्हणत त्यानं नाळ, म्हणजे लाँचचं पुढचं टोक, उजवीकडे वळवलीसुद्धा. एरवी मीही तेच केलं असतं.

"पांढरे किती?"

"एक... नाय, तीन. एकाखाली एक."

मी गिअर न्यूट्रलला टाकला. डोलकाठीवर दोन पांढरे उभ्या रांगेत असले की टग काहीतरी ओढतेय. तीन असले, तर टगच्या मागच्या टोकापासून ओढलेल्याच्या शेवटापर्यंत 200 मीटरच्या वर. मधली तार पाण्यात झोळ खाऊन बुडालेली असते, दिसायचा प्रश्नच नाही.

"पण मागं काहीच नाय!" पोरगं म्हणालं.

टग पुढं सरकली, तिचा मागचा पांढरा दिवा आणि त्यावरचा पिवळा दिसला. तिच्यामागं नुसता काळोख. मग कुलाब्याकडचे दिवे एकेक करून विझायला लागले. विझत कसले, त्यांच्या आड रिकामी, उंच बार्ज येत होती. ओढल्या जाणाऱ्याला डोलकाठीचा पांढरा नसतोच. बाजूला एक लाल, तोही मिणमिणता. पुरती पुढून जायला तिला इतका वेळ लागला की ओहोटीनं आम्हाला बरंच खाली नेलं.

पोरगं बराच वेळ गप्प. पुढं वाट दाखवणारा तरंगता बोया लुकलुकताना दिसला, तेव्हा हळूच म्हणालं, "काका, बंदरात शिरताना लाल बोया डावीकडेच ठेवायचा ना?"

"हो. अमेरिकेत नि जपानात उजवीकडे."

त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.