डी ड्राइव्हची झोपमोड

रात्री साडेअकरानंतर मी ट्रक चालवतो. म्हणजे कॉम्प्युटरवर. घरातले झोपले की हेडफोन चढवायचा, रॉटरडॅमला माल भरायचा आणि पावसातून प्रागची वाट धरायची. बायकोला यातली गंमत आजवर कळलेली नाही. "दिवसभर कल्याण-शीळ रोडवर गाडी चालवून जीव भरत नाही का?" असं ती विचारते. उत्तर नाही माझ्याकडे.

तर हा ट्रक मध्येच अडायला लागला. तासभर लोण्यासारखा चालायचा, आणि मुक्कामाला थांबावं तर चित्र गोठायचं. वायपर काचेच्या मध्यावर, थेंब हवेतल्या हवेत. सहा-सात सेकंदांनी, जणू काही झालंच नाही अशा थाटात, सगळं पुन्हा सुरू.

पहिला संशय अर्थातच ग्राफिक्स कार्डावर. ड्रायव्हर नवा टाकला, मग परत जुना टाकला. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला, तेव्हा धुळीबरोबर एक वाळकं झुरळ बाहेर आलं. सेटिंग्ज इतकी खाली आणली की आरशात मागचा रस्ता शाईच्या डागासारखा दिसू लागला. दुकानातल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "काका, कार्ड जुनं झालंय." निष्कर्षापेक्षा ते 'काका' जास्त लागलं. गेम एसएसडीवर, म्हणजे काहीही न फिरणाऱ्या, चिपमध्ये साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हवर होता, त्यामुळे डिस्कचा विचार ना त्याच्या डोक्यात आला, ना माझ्या.

मग एका रात्री मुलगी पाणी प्यायला उठली. तिने काहीतरी विचारलं म्हणून मी हेडफोन कानावरून सरकवला, आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. टेबलाखालून आवाज आला. आधी टक्, मग घूंऽऽऽ, सोसायटीच्या पाण्याचा पंप सुरू होताना येतो तसा, चढत जाणारा. कॅबिनेटला हात लावला तर पत्रा बारीक थरथरत होता. आवाज वरच्या पट्टीत स्थिरावला, आत दोनदा कुरकुर झाली, आणि वायपर हलला.

डी ड्राइव्ह! झोपेतून उठत होता बिचारा.

आपल्याकडे डी ड्राइव्ह म्हणजे घरचा माळा. कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेला प्रत्येक माणूस "सीला फॉरमॅट मारतो, डीमध्ये काही आहे का?" असं विचारायचा, तेव्हापासून जपण्यासारखं सगळं डीमध्ये. माझी एसएसडी घेतली तेव्हा ती जेमतेम 240 जीबीची होती. जागा वाचवायची म्हणून मी मोठ्या हुशारीने अख्खं डॉक्युमेंट्स फोल्डर डीवर, म्हणजे जुन्या 1 टीबीच्या फिरत्या डिस्कवर हलवलं होतं. गेम राहतो एसएसडीवर, पण आपला हिशोब, म्हणजे सेव्ह फाइल, लिहितो डॉक्युमेंट्समध्ये. आणि लिहितो कधी, तर मुक्काम केला की. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 20 मिनिटं काम नसेल तर हार्ड डिस्क बंद करायची असं ठरलेलं होतं. प्रागपर्यंतच्या वाटेवर तिला भरपूर झोप मिळायची.

डिस्कच्या बाजूनेही बघायला हवं. आतल्या तबकड्या मिनिटाला 7200 फेरे घेतात. एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद. सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या गेमला एका चित्रासाठी मिळतात 16.7. म्हणजे जागी असतानाही वाचणारं डोकं योग्य जागी नेऊन तबकडी फिरून येईपर्यंत यातला बराच वेळ तिचा जाणारच. झोपेतून उठायचं तर थांबलेल्या तबकड्या पूर्ण वेगाला यायला हव्यात, कारण वाचणारं डोकं तबकडीला टेकत नाही, तिच्या वेगाने तयार झालेल्या हवेच्या पातळ थरावर तरंगतं. वेग नाही तर हवा नाही, हवा नाही तर वाचन नाही. तोवर गेम बापडा ताटकळत उभा. सात सेकंद म्हणजे 420 चित्रं!

खात्री म्हणून दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बंद करून त्या डिस्कच्या दोन्ही केबल काढल्या, आणि डॉक्युमेंट्सचा पत्ता तात्पुरता सीवर दिला. ट्रक चार मुक्काम करून सुखरूप पोचला.

डिस्कमध्ये दोष म्हणावा तर तोही नव्हता. तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये खराब सेक्टर शून्य. आता झोप कायमची बंद करायची तर पॉवर ऑप्शन्समध्ये 20 च्या जागी 0 लिहिलं की काम होतं, आणि बरेच लोक तेच करतात. माझा हात गेला होता तिथपर्यंत. पण रात्री दोन तास मी ट्रक चालवणार म्हणून तिने उगाच गरगरत बसायचं, हे काही पटेना. शेवटी सेव्हसकट डॉक्युमेंट्स कायमचं एसएसडीवर आणलं. त्यासाठी तीन वर्षांपूर्वीची ऑफिसची प्रेझेंटेशनं आणि 'नवीन फोल्डर (3)' डीवरच सोडून दिलं. त्यात काय आहे ते उघडून पाहायचा धीर अजून झालेला नाही.

रविवारी आई म्हणाली, "अरे, बाबांच्या निवृत्तीचे फोटो दाखव ना." मी डीवर क्लिक केलं. टक्. घूंऽऽऽ.

"अडकलं का रे?"

"नाही गं, उठतोय."

ती चष्मा पुसत बसली.