घाट आणि बस्ती: आगुंबे उतरून कारकळ, मूडबिद्री

कुंभोजच्या बाहुबलीपासून सुरू केलेल्या 'घाट आणि बस्ती' (बस्ती म्हणजे जैन मंदिर) यादीतला तुळुनाडचा, म्हणजे कर्नाटकच्या दक्षिण किनारपट्टीचा, टप्पा यंदा दिवाळीनंतर बराचसा उरकला. स्केचबुकात खांबांची पानं भरली आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच. आधी रस्ता.

कोल्हापूर ते हरिहर हायवेवर सांगण्यासारखं काही नाही. निपाणी, बेळगाव, हुबळी, चहा, पुन्हा हायवे. हरिहरला तो सोडला, शिमोग्यावरून तीर्थहळ्ळीला मुक्काम केला. तिथून पुढे सुपारीच्या बागा सुरू होतात आणि गाडी आपोआप सावकाश चालते. आगुंब्यात हॉटेलवाल्याने दिलेला गरम कषाय पिऊन घाटाला लागलो.

या गावात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट लांबीला फार नाही, पण चौदा वळणं एकावर एक रचल्यासारखी आहेत. अवजड गाड्यांना बंदी असल्याने समोरून येतात त्या मिनीबस, आणि त्या वळणावर अख्खा रस्ता घेतात. आपण आतल्या बाजूला थांबून त्यांना जाऊ द्यायचं, वाद घालायचा नाही. मी पूर्ण घाट दुसऱ्या गिअरवर उतरलो, ब्रेकला अगदी टेकण्यापुरता हात. सावलीतल्या वळणांवर पाऊस संपल्यावरही शेवाळ असतं, तिथे पुढचा ब्रेक विसरा. आंबोली करणाऱ्यांना हे सांगायला नकोच.

खाली सोमेश्वर, मग हेब्री. इथे हवा बदलते आणि घरंही. प्रत्येक घराला मंगळुरी कौलं, छपराचा उतार खोल, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात इतकी पुढे आलेली वळचण. ही छपरं नीट बघून ठेवा, बस्ती बघताना उपयोगी पडतात.

हेब्रीहून कारकळच्या रस्त्यावर वरंगची केरे बस्ती लागते. तळ्याच्या मधोमध असल्याने होडीतूनच जावं लागतं. आत चार दिशांना चार तीर्थंकर. छोटी आहे, पण काठावर बसून रेखाटायला याहून चांगली जागा मला अजून सापडलेली नाही. पाण्याने ठरवून दिलेल्या अंतरावरून मंदिराचं प्रमाण अचूक कळतं.

कारकळमध्ये खडकाच्या टेकडीवर १४३२ सालचा ४२ फुटी बाहुबली. आपला कुंभोजचा २८ फुटी, त्यामुळे पायऱ्या चढून वर आल्यावर मान जरा जास्तच मागे न्यावी लागली. पण माझा जीव रमला तो समोरच्या छोट्या टेकडीवरच्या चतुर्मुख बस्तीत. १५८६ मध्ये बांधलेली, चारही बाजूंनी हुबेहूब सारखी. कुठल्याही दाराने आत या, समोर अरनाथ, मल्लिनाथ आणि मुनिसुव्रत उभे. एकूण १०८ खांब. सगळं काम ग्रॅनाइटचं, छपरालाही दगडी फरश्याच, कडेला उतार दिलेला. गावातल्या कौलारू पडवीचं काम इथे दगडाने केलंय.

मूडबिद्री कारकळहून जेमतेम अठरा किलोमीटर. इथली साविर कंबद, म्हणजे हजार खांबांची, बस्ती १४३० ची. खालचे खांब ग्रॅनाइटचे, वरचे मजले लाकडी आणि उतरत्या छपरांचे, एकावर एक तीन. वास्तुकलेचा इतिहासकार फर्ग्युसन याला ती बघून नेपाळ आठवला होता आणि तेव्हापासून प्रत्येक माहितीपत्रकात नेपाळ येतोच. मला हे पटत नाही. आगुंब्याहून खाली येताना जी घरं दिसतात ती पाहिल्यावर इतक्या लांब जायची गरज उरत नाही. इतक्या पावसात दगडी शिखर गळणार, लाकडाला वळचण हवीच, मग सुतारांनी घराचंच छप्पर देवाला चढवलं.

आता खांब. हजारातले कुठलेही दोन सारखे नाहीत असं म्हणतात. म्हणून जोड्या लावायला बसलो. पुढच्या मंडपातले दोन बराच वेळ सारखे वाटले, पण एकाच्या मधल्या चौकोनात वेलीची गाठ आहे, दुसऱ्यात नर्तिका. रेखाटताना आधी चौकोन, मग अष्टकोन, मग गोल असं खालून वर मोजत गेलो तर फरक लवकर सापडतो. नुसते फोटो काढणाऱ्याला ही गाठ दिसणार नाही, हा माझा दावा आहे!

मूडबिद्रीतल्याच गुरु बस्तीला बाहेरून हात जोडले तरी चालेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. धवला, जयधवला या प्राचीन जैन टीकाग्रंथांची ताडपत्रं शतकानुशतकं याच गावात जपली गेली, आणि धवलेचा पहिला छापील खंड १९३९ मध्ये हिरालाल जैन यांनी काढला तो आपल्या अमरावतीतून.

वेणूरचा १६०४ चा बाहुबली राहिला, तो परतीच्या चार्माडी घाटाबरोबर करायचा. त्यानंतर गेरुसोप्पा: शरावतीकाठच्या जंगलात तिथेही चतुर्मुख बस्ती आहे आणि कारकळच्या खांबांशी ती ताडून बघायची आहे. होन्नावरहून चढायचं की सागरकडून उतरायचं, यावर अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगावं. माझा कल उतरण्याकडे आहे.