तुम्ही विचारलंत म्हणून: त्या लाल-निळ्या चित्रांवर विश्वास कशाला ठेवायचा?

डेटा सेंटरच्या मीटिंगमध्ये आमचा सीएफडीचा, म्हणजे खोलीतली हवा कशी वाहते आणि कुठे किती तापते हे कॉम्प्युटरवर गणित करून लाल-निळ्या चित्रांत दाखवणारा, रिपोर्ट उघडला की कुणीतरी विचारतंच, "चित्रं छान आहेत हो, पण एसीचं टनेज मोजलं की झालं ना?"

टनेज हवंच. पण त्यातून कळतं ते एवढंच, की एकूण थंडावा पुरेल. तो रॅकपर्यंत, म्हणजे सर्व्हरच्या कपाटांपर्यंत, पोचेल का, हा प्रश्न वेगळा. रेझ्ड फ्लोअरचंच, म्हणजे मूळ जमिनीच्या वर उचलून बसवलेल्या फरशीचंच बघा. एसी जमिनीखाली हवा सोडतो, ती जाळीच्या टाइलमधून रॅकसमोर वर येते. एसीच्या जवळचा रॅक सगळ्यात गार, असं कुणालाही वाटेल. बऱ्याचदा होतं उलटं. एसीजवळ हवा जमिनीखालून इतक्या वेगाने आडवी धावते की तिथला दाब पडतो. जवळच्या टाइलमधून हवा जेमतेम वर येते, कधीकधी तर टाइल खोलीतलीच हवा खाली ओढते. लांब गेल्यावर वेग मंदावतो, दाब वाढतो आणि तिथल्या टाइल भरभरून हवा देतात.

५ किलोवॅटच्या रॅकमधून जाताना हवा १२ अंशांनी तापणार असेल, तर सेकंदाला साधारण ०.३५ घनमीटर हवा लागते. टाइलने ती दिली नाही म्हणून सर्व्हरचे पंखे थांबत नाहीत. ते रॅकच्या डोक्यावरून मागची गरम हवा खेचतात आणि वरचे सर्व्हर आधी तापतात. अ‍ॅश्रे या वातानुकूलन इंजिनिअरांच्या संस्थेची शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची आहे, खोलीच्या सरासरीची नव्हे.

हे सगळं ड्रॉइंगवर दिसत नाही. सीएफडीत दिसतं, आणि तेही रॅकची ओळ सरकवणं सोपं असतं तेव्हा. म्हणून मी भांडून सांगते, हा अभ्यास ले-आउट गोठण्याआधी करून घ्या.

आता विश्वासाचं. नुसत्या चित्रावर ठेवूच नका. आधी रंगपट्टी बघा. ती २० ते २४ अंशांचीच असेल तर चांगली खोलीही पेटल्यासारखी दिसते. मेश, म्हणजे गणितासाठी खोलीचे पाडलेले छोटे तुकडे, आणखी बारीक केल्यावर उत्तर हललं का, ते विचारा. सर्व्हरनी सोडलेली उष्णता आणि एसीने उचललेली उष्णता जुळते का? टाइलचं एकेक भोक मॉडेलमध्ये काढत नाहीत, जाळीचा अडथळा आकड्याने देतात. तो आकडा कुठून आणला? आणि जमिनीखालचे केबलचे जुडगे धरलेत का? माझ्या मते सगळ्यात जास्त दगा तेच देतात, कारण ड्रॉइंगमध्ये ते नसतातच.

खोली उभी राहिली की फ्लो हूड घेऊन टाइलवरची हवा मोजा, रिपोर्टमध्ये सगळ्यात कमी दाखवलेल्या टाइलपासून. फरक निघाला तर आम्हाला कळवा, मॉडेल दुरुस्त करून देणं आमचं काम आहे.