तुम्ही विचारलंत म्हणून : डोळ्यात सोडायचा निळा रंग

डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी पडलेल्या भोकाचं, म्हणजे मॅक्युलर होलचं ऑपरेशन समजावताना मी ‘आत थोडा निळा रंग सोडतो’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. “डॉक्टर, त्या रंगाने डोळ्याला काही होणार नाही ना?” कधी पेशंट विचारतो, कधी सोबत आलेला मुलगा. विचारतात ते योग्यच आहे. पडद्याच्या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत.

भोक बुजायचं तर त्याच्याभोवतीचा, पडद्याच्या सर्वांत आतल्या बाजूचा पापुद्रा सोलावा लागतो. जाडी जेमतेम दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन-तीन हजारांश, आणि पूर्ण पारदर्शक. रंगवला नाही तर चिमटा अंदाजाने टाकायचा, आणि अंदाज चुकला तर पापुद्र्याऐवजी पडदाच चिमटीत येतो. रंगाच्या धोक्याचा हिशेब या दुसऱ्या धोक्याशेजारी ठेवूनच करावा लागतो.

2000च्या सुमारास या कामासाठी इंडोसायनिन ग्रीन हे हिरवं रंगद्रव्य वापरात आलं. यकृताच्या तपासणीसाठी ते 1950च्या दशकापासून शिरेतून देत होते, म्हणून सगळे निर्धास्त होते. पण शिरेत गेलेला रंग रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो आणि यकृत तो भराभर बाहेर काढतं. डोळ्याच्या पोकळीत अशी सोय कुठली? काही पेशंटांचं भोक बुजलं तरी नजर म्हणावी तशी सुधारेना, काहींचं बाजूचं दिसणं कमी झालं. भोकाच्या तळाशी असलेल्या रंगद्रव्य-पेशींचा थर झिजल्याचंही आढळलं. तपासणीत रंगाची चमक महिनोन्‌महिने टिकून राहिलेली दिसे.

दोष एकट्या रंगाचा नव्हता, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. ती पावडर सलाईनमध्ये नीट विरघळत नाही, म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवतात. क्षार नसलेलं पाणी पेशींना लागलं की त्या फुगतात. त्यात पावडरीतलं आयोडीन, आणि वर आमच्या दिव्याचा झोत, जो शोषून हा रंग अपायकारक रेणू तयार करू शकतो. कमी तीव्रतेचा रंग थोडाच वेळ ठेवणाऱ्यांचे निकाल पुष्कळदा चांगले आले. त्यामुळे ‘हा रंग सुरक्षित आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. किती, कशात विरघळवलेला, किती वेळ आणि नेमका कुठे, हेही विचारावं लागतं.

प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांनाही मर्यादा आहेत. बशीत वाढवलेल्या पेशी उघड्या असतात आणि रंग थेट त्यांच्यावर पडतो. डोळ्यात बहुतेक ठिकाणी रंग आणि त्या रंगद्रव्य-पेशी यांच्या मध्ये सगळा पडदा असतो, फक्त भोकाच्या जागी नसतो. उलट पेशंटची नजर कमी राहिली तर दोष रंगाचा, दिव्याचा, सोलण्याचा की जुन्या भोकाचाच, हे सांगणं अवघड.

आता मी ब्रिलियंट ब्लू जी वापरतो, 0.025 टक्के. त्याचा द्राव क्षारांच्या बाबतीत डोळ्यातल्या द्रवाशी जुळता असतो आणि पापुद्रा छान रंगतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, या कामासाठी त्याला 2019 मध्ये मान्यता दिली. काही सेकंदांत मी तो धुऊन काढतो. तोही पडद्याखाली शिरला तर निरुपद्रवी राहीलच असं नाही, म्हणून कधीकधी भोकावर आधी घट्ट जेलचा थेंब ठेवतो.

मोतीबिंदू पांढरा झाला असेल तर भिंगाची पिशवी दिसावी म्हणून ट्रिपॅन ब्लू लागतो, साधारण 0.06 टक्के. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत हाच रंग मेलेल्या पेशी ओळखायला वापरतात, कारण जिवंत पेशी त्याला आत घेत नाहीत. या प्रमाणात तो चांगला सोसतो. धोका वेगळाच आहे. मिथिलीन ब्लूही निळाच असतो, आणि चुकून तो वापरल्याने कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) आतल्या, पुन्हा न वाढणाऱ्या पेशी खराब झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यामुळे सिरिंज भरण्याआधी सिस्टर बाटलीवरचं नाव आणि टक्केवारी मोठ्याने वाचतात. मी ‘हो’ म्हटल्याशिवाय बाटली उघडत नाहीत.