मिल लॅक्सवरचं आमचं मंडळ

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी जळवांचा डबा असायचा. पांढरा, झाकणाला बारीक भोकं पाडलेला, आत थंड पाणी आणि काळ्या-तपकिरी जळवा. पहिल्या वर्षी बायको म्हणाली, हे गॅरेजमध्ये ठेव. पण गॅरेजच्या उकाड्यात जळवा टिकत नाहीत, सकाळपर्यंत पाणी गढूळ होऊन सगळा डबा वाया जातो. तसा तो गेलाच. दुसऱ्या वर्षी तिनेच भाजीचा खण रिकामा करून दिला. शुक्रवारी दुपारी तो डबा कूलरमध्ये गेला, की आमच्या घरापुरती मंडळाची मासेमारीची सहल सुरू झालेली असायची.

मिनेसोटात आमच्या मंडळाचे वर्षाचे कार्यक्रम ठरलेले. शाळेचा हॉल भाड्याने घेऊन गणपती, दिवाळीचा फराळ, आणि संक्रांतीला उणे वीस तापमानात तिळगूळ. ते सगळे मला प्रिय आहेत. पण माणसं खऱ्या अर्थाने कळली ती मिल लॅक्स तलावावर. हॉलमध्ये आपण भेटतो, ‘कसं काय’ म्हणतो, जेवणाच्या रांगेत उभे राहतो. होडीत मात्र चार तास शेजारी बसावं लागतं, आणि त्यातले तीन तास गप्प.

सहलीची सुरुवात केली मालवणच्या काकांनी. लहानपणी खाडीवर गरवायला जाणारा माणूस. इथे नोकरीसाठी आले तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात शेजाऱ्याने त्यांना तलावावर नेलं आणि ते परत आले ते वॉलआयचंच बोलत. वॉलआय हा मिनेसोटाचा राज्यमासा, 1965 पासून. पाठीला ऑलिव्ह-सोनेरी, पोटाला पांढरा, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि डोळे असे की मोतीबिंदू झालाय असं वाटावं. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘व्हिट्रियस’ या शब्दाचा अर्थच काचेसारखा. पण त्या डोळ्यांना दिसतं मात्र फार चांगलं. बुबुळामागे प्रकाश परतवणारा थर असतो, मांजरासारखा, त्यामुळे अंधुक उजेडात तो बघतो आणि त्याचं भक्ष्य, म्हणजे पर्च नावाचा छोटा मासा, चाचपडत राहतं. वॉलआय धरायच्या सगळ्या युक्त्या या एका गोष्टीतून निघतात, असं काका सांगायचे. पहाट, तिन्हीसांज, ढगाळ दिवस, वाऱ्याने फुटलेलं पाणी. लख्ख ऊन आणि आरशासारखा तलाव असला की इतर लोक खूश, काकांचा चेहरा उतरलेला. छोट्या लाटा उठल्या की म्हणायचे, ‘आता बघा, आता त्याचं राज्य आलं.’

मिनियापोलिसहून 169 नंबरच्या रस्त्याने उत्तरेला निघायचं. शंभर मैलांच्या आसपास. ओनेमिया मागे पडलं की थोड्या वेळाने उजव्या हाताला झाडांमधून पाणी दिसू लागतं आणि पलीकडचा काठ दिसत नाही. मुंबईहून नव्याने आलेलं कोणी गाडीत असलं तर हमखास विचारणार, ‘हा समुद्र आहे का?’ एक लाख बत्तीस हजार एकरांचं पाणी, पण सर्वांत खोल जागी फक्त बेचाळीस फूट. परातीसारखा तलाव. त्यामुळे वारा सुटला की तासाभरात तो उसळतो. गॅरिसनला रस्त्याच्या कडेला वॉलआयचा मोठा पुतळा आहे, तिथे थांबून मंडळाचा फोटो. माझ्याकडे असे बारा फोटो आहेत. पहिल्यात चार कुटुंबं आहेत. पुढे पुढे मागच्या रांगेतल्यांना उंच व्हावं लागलंय, आणि पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेली पोरं एकेका वर्षाने मागे सरकत गेली आहेत.

तिथे मासेमारीसाठी मोठ्या लाँच मिळतात, वीसेक माणसं बसतील अशा. ‘लाँच’ म्हटल्यावर कोकणातल्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही. शनिवारी संध्याकाळची लाँच आमची ठरलेली. तलावाच्या उत्तरेकडच्या भागात तळातून वर उचललेली चिखलाची सपाट पठारं आहेत, तिथले लोक त्यांना मड फ्लॅट्स म्हणतात. पठाराच्या कडेला, जिथे तळ उतरायला लागतो, तिथे मासा असतो. कप्तान वाऱ्याकडे बघून लाँच लावायचा आणि मग बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगणारे बोंडूक, सोडायचे.

स्लिप बॉबर काकांनी मला शिकवला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तंगुसावर दोऱ्याची एक इवलीशी गाठ, तिच्याखाली मणी, मग बॉबर, खाली शिसं आणि गरी. बॉबर तंगुसावर मोकळा घसरतो, म्हणून फेकायला सोपं; पाण्यात पडल्यावर शिसं खाली ओढतं आणि गाठीपाशी बॉबर अडतो. म्हणजे गाठ जिथे, तिथे खोली ठरली. आधी गरीला जड शिसं अडकवून तळ मोजायचा, मग जळू तळापासून फूटभर वर लोंबेल अशी गाठ सरकवायची. काका ती गाठ ओठांनी ओली करून नखाने सरकवत. जळवेच्या जाड टोकाला, म्हणजे चिकटायच्या बाजूला, गरी एकदाच टोचायची, मधोमध नाही. मग ती पाण्यात लांब होऊन रिबिनीसारखी वळवळते. मधोमध टोचली तर गोळा होऊन बसते आणि कोणी तिच्याकडे बघत नाही. मुलं सुरुवातीला किंचाळायची. दोन वर्षांत सात वर्षांची मुलगी दुसऱ्या मुलांच्या गरीला जळू लावून देत होती, बोटाला चिकटलेली जळू हलकेच सोडवून.

पण मला सर्वांत जास्त आठवतात त्या नागपूरच्या काकू. त्यांना बॉबरकडे टक लावून बसायचा कंटाळा. त्यांच्या हातात काकांनी लिंडी रिग दिली. यात बॉबर नाही. बुटाच्या आकाराचं शिसं तळावरून सरपटत जातं, मागे तीन-चार फुटांवर जळू किंवा गांडूळ, आणि रीळ उघडी ठेवून तंगूस फक्त बोटावर धरायचा. मासा आला की बोटाला एक टिचकी जाणवते. त्या क्षणी ओढायचं नाही! नवखा माणूस तिथेच ओढतो आणि अर्धी जळू परत येते. बोट उचलायचं, तंगूस जाऊ द्यायचा, मनात दहापर्यंत मोजायचं, मग रीळ बंद करून सैल दोरा गुंडाळायचा आणि वजन लागलं की काठी मागे न्यायची. काका हे इंग्रजी-मराठीत पाच मिनिटं समजावत होते. काकू म्हणाल्या, ‘अहो, म्हणजे ढील द्यायची ना? पतंगासारखी?’

काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘एवढी वर्षं मला हा शब्द सुचला नाही.’

लहानपणी संक्रांतीला गच्चीवर मांजा धरलेला तो हात. काकूंच्या बोटाला टिचकी लागली, त्यांनी बोट उचललं, ओठ हलताना दिसत होते, दहा मोजत होत्या. मग काठी वाकली. त्या संध्याकाळी त्यांनी पाच मासे धरले, लाँचवर कुणापेक्षाही जास्त. तेव्हापासून आमच्या सहलीत कुणाचीही काठी थरथरली की अख्खी लाँच ओरडते, ‘ढील द्या, ढील द्या!’ अमेरिकन कप्तानही तो शब्द शिकला.

एका वर्षी मेफ्लाय निघाले. हे किडे तळाच्या चिखलात वाढतात आणि जूनमधल्या एखाद्या उबदार संध्याकाळी लाखोंनी वर येतात. पाण्यावर, दोरांवर, काकूंच्या ओढणीवर, वडापावच्या पिशवीवर, सगळीकडे नाजूक पंखांचे किडे. त्या दिवसांत मासा इतका पोटभर असतो की जळवेला विचारत नाही. तीन तासांत एकही बॉबर बुडाला नाही. सूर्य नऊनंतर मावळला. कुणीच काही बोलत नव्हतं. मग कुणीतरी अगदी हळू आवाजात भूपाळी म्हणायला लागलं, मावळतीला भूपाळी, आणि दोन-तीन आवाज त्यात मिसळले. परतताना कप्तानाने इंजिन बराच वेळ सुरूच केलं नाही. मासा न मिळालेली ती संध्याकाळ मला सर्वांत भरलेली वाटते.

रविवारी दुपारी चूल. वॉलआय हा गोड्या पाण्यातला मासा, आणि आमच्याकडे गोड्या पाण्याच्या माशाला कोण मान देतो? पण हा पांढरा, पापुद्र्यासारखा सुटणारा, काट्यांचा त्रास नसलेला मासा मला चवीने मुडदुशीच्या जवळचा वाटतो. कोकम आणि हळद-मीठ लावून अर्धा तास, मग तांदळाच्या पिठात रवा मिसळून लोखंडी तव्यावर. नाजूक मासा आहे, मालवणी मसाला भरपूर लावला तर मसालाच खायचा. त्याच्या गालातले दोन छोटे गोल तुकडे सर्वांत चविष्ट. ते काढून ठेवून लहान मुलांना द्यायचे, ही आमची पद्धत.

मग तलाव बदलायला लागला. खरं तर आधीपासूनच बदलत होता, आम्हाला उशिरा कळलं. 2005 मध्ये पाणी गाळून खाणारे झेब्रा शिंपले सापडले, पाणी वर्षागणिक नितळ होत गेलं. नितळ पाणी दिसायला सुंदर, पण अंधुक उजेडावर जगणाऱ्या माशाला ते अडचणीचं. पिल्लं जन्मत होती, पण मोठी होईपर्यंत टिकत नव्हती. दरवर्षी नियम कडक होत गेले. 2015 च्या ऑगस्टमध्ये हंगामच मध्ये थांबवला, आणि 2016 साठी जाहीर झालं: वॉलआय धरा, पण सोडून द्या. जिवंत आमिषही नाही. म्हणजे जळवासुद्धा गेल्या.

किनाऱ्यावरच्या दुकानांत लोक चिडले होते. काहींचा राग तिथल्या ओजिब्वे या मूळनिवासी लोकांच्या जाळ्यांवर होता. मला तो राग कधी पटला नाही. 1837 च्या करारात त्यांनी जमीन दिली आणि शिकारीचा, मासेमारीचा हक्क राखला. 1999 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. ज्यांच्या भाषेत या माशाला ‘ओगा’ म्हणतात, त्यांचा त्याच्यावर आपल्या आधीचा हक्क आहे.

मंडळाच्या बैठकीत प्रश्न आला, यंदा सहल कशाला? मासा आणायचा नाही, तर शंभर मैल जायचं कशाला? दुसऱ्या तलावाचीही नावं निघाली. काका गप्प होते. शेवटी म्हणाले, ‘घरात आजारी माणूस असलं तर आपण जाणं बंद करतो का?’ आम्ही गेलो. फक्त सात कुटुंबं होती.

त्या वर्षी मंडळातल्या एका मित्राची आई वेंगुर्ल्याहून आली होती. सत्तरी ओलांडलेली, आयुष्य मासळीत गेलेलं. नऊवारीवर नारिंगी लाइफ जॅकेट घालून ती पाँटूनवर, म्हणजे सपाट होडीवर, बसली. तिचं चोवीस तासांचं लायसन काढलं होतं, ते तिने कमरेच्या पिशवीत घडी करून ठेवलं. जळवा नव्हत्या, म्हणून जिगला, म्हणजे शिशाच्या डोक्याच्या गरीला, प्लॅस्टिकची शेपटी. तिने ती बोटांत धरून बघितली, वास घेतला आणि काही न बोलता पाण्यात सोडली. काठी कशी हलवायची हे तिला कुणी सांगितलं नाही. मनगट उचलायची, थांबायची, शिसं तळाला लागू द्यायची, पुन्हा उचलायची. विसाव्या मिनिटाला काठी वाकली.

सव्वीस इंच. माझ्या हातांनी मोजला. आधी हात पाण्यात भिजवले, कारण कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळ निघते आणि मग सोडलेला मासाही जगेलच असं नाही. पोरं जमली. मी तिला सांगायला लागलो की आजी, नियम असा आहे, हा आपल्याला… तिने मला पुरं बोलू दिलं नाही.

‘ह्या दिसांत आमच्याकडे पण व्हडी वर ओढून ठेवतत. नारळी पुनवेशिवाय दर्यात कोण जाणा नाय. सोड तेका.’

जून-जुलैची बंदी. घाटमाथ्यावरच्या आणि शहरातल्या आम्हा सगळ्यांना जे दोन महिने समजावून घ्यावं लागलं होतं, ते तिला जन्मापासून माहीत होतं. मी मासा पाण्यात धरला, तोंड लाटेकडे करून. कल्ले उघडत-मिटत होते. ती कठड्यावरून वाकून त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. शेपटीचा पांढरा ठिपका दोनदा हलला आणि माझ्या हातात नुसतं पाणी राहिलं.

2019 मध्ये पुन्हा एक मासा न्यायची परवानगी मिळाली, एकवीस ते तेवीस इंचांमधला. त्या वर्षी आम्ही सहल मे महिन्यात आणली. पाणी बर्फासारखं, बोटं वाकत नव्हती, सगळ्यांच्या अंगावर हिवाळी जाकिटं. दक्षिणेकडच्या खडकाळ उथळ भागात, संध्याकाळी, जिग आणि छोटा मासा लावून. अठरा माणसांत मापात बसणारा एकच मिळाला, बावीस इंचांचा, आणि तो काकूंनी धरला. घरी नेण्याइतका नव्हताच. तिथेच तव्यावर टाकला. प्रत्येकाला जेमतेम दोन घास आले.

जेवताना मित्राने वेंगुर्ल्याला व्हिडिओ कॉल लावला. तिथे भल्या पहाटेची वेळ, आजी चुलीपाशी बसलेली. तिने तवा दाखवायला सांगितला, मग डोकं दाखवायला सांगितलं, आणि स्क्रीनजवळ तोंड आणून विचारलं, ‘गालातला मास कोणाक दिलास?’

मित्राने फोन फिरवला. समोर तीच मुलगी बसली होती, जळवा लावून देणारी, आता कॉलेजला निघालेली. तिने शेजारच्या चार वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवलं. त्याचं तोंड भरलेलं होतं.