जुनी नाटकं आणि कॉलेजची पोरं : वाचनाच्या उद्योगाचा ताजा अपडेट

तर मंडळी, गोविंद बल्लाळ देवलांचं शारदा वाचून संपलं आणि राम गणेश गडकऱ्यांचं एकच प्याला निम्म्याच्या पुढे गेलंय. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, पुण्यात एकांकिका करणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींना गोळा करून शनिवारी संध्याकाळी जुनी मराठी नाटकं मोठ्याने वाचायची, एवढाच हा उद्योग आहे. प्रयोग नाही, स्पर्धा नाही, सर्टिफिकेट तर अजिबातच नाही. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा संपली की पोरं जरा मोकळी होतात, त्या फटीत आपण शिरायचं.

वाचायला बसवणं सोपं आहे हो, चहा आणि क्रीमरोलवर कोणीही बसतं. पटवणं अवघड. 'थोर नाटककार आहेत, आपला वारसा आहे, वाचलंच पाहिजे' हे वाक्य तोंडातून निघालं की पोरगं नम्रपणे मान डोलावतं आणि पुढच्या शनिवारी गायब. शाळेत 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' करून करून या सगळ्याला मार्कांचा वास लागलेला आहे, त्यात परत आपण आदर दाखवायला सांगायचं म्हणजे संपलंच. म्हणून मी थोरपणाचा विषयच काढत नाही. माझी पहिली आमिषं अगदी व्यवहारी असतात. देवल गेले 1916 ला, गडकरी 1919 ला, लेखक गेल्यावर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे या संहिता फोडा, कापा, उलट्या करा, कोणाची परवानगी नको आणि मानधनही नको. एकांकिकेच्या परवानगीसाठी लेखकांना फोन करकरून दमलेल्या पोरांना हे ऐकून जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. दुसरं, गडकरी गेले तेव्हा 33 वर्षांचे होते. एकच प्यालाचा पहिला प्रयोगही त्यांनी पाहिला नाही, जानेवारीत गेले आणि फेब्रुवारीत बडोद्याला बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळीने नाटक उभं केलं. 'म्हणजे आमच्या डिरेक्टरच्या वयाचा माणूस' असं एकजण म्हणाला आणि तिथून पुढे 'गडकरी' न म्हणता 'गडकऱ्या' सुरू झालं. मला चालतं.

सुरुवात शारदापासून करायची या मतावर मी ठाम आहे. काहीजण सौभद्र सुचवतात, पण सुभद्राहरणात आजच्या पोरांचा जीव अडकत नाही, पदांची गोडी कळायला कान लागतो आणि तो नंतर येतो. शारदा 1899 चं आहे, पण गद्य बघा, हरिपूर-सांगलीकडच्या घरात बोलावं तसं बोलतात लोक. कांचनभट पैशाच्या लोभाने मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालाय, भद्रेश्वर दीक्षित मध्ये बसून सौदा जुळवतोय, हे समजायला कुठली टीप लागत नाही. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशें वयमान' हे पद अर्ध्याजणांनी आजीकडून ऐकलेलं निघालं. एकाने ते कहोनवर, म्हणजे त्या खोक्यासारख्या तालवाद्यावर, वाजवलं. वाईट नव्हतं.

पण खरी मजा झाली ती लग्नाच्या प्रसंगाला. पोरं वाट बघत होती की आता कोणीतरी उभं राहून म्हणेल, अरे मुलगी लहान आहे, नवरा पंचाहत्तरीचा आहे, थांबवा हे. आणि लग्न मोडतं कशावर, तर वधूवर सगोत्र निघतात म्हणून! दोन मिनिटं सगळे गप्प आणि मग एकदम गलका. एकीचं म्हणणं, हा कसला शेवट, मुद्दा तर वयाचा होता, लेखकाने कच खाल्ली. मी काही बोललो नाही, फक्त तारखा सांगितल्या. 1891 ला संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची अट 10 वरून 12 वर नेली, तेवढ्यावरून केवढा गदारोळ झाला होता. लग्नाचंच किमान वय ठरवणारा कायदा यायला 1929 उजाडलं, त्यातही मुलीचं वय 14. (हा सारडा अ‍ॅक्ट, हरबिलास सारडांच्या नावाचा. तो या नाटकावरून आला असं अजून लोक छातीठोकपणे सांगतात, कृपा करून पोरांना तसं सांगू नका.) मग तीच मुलगी थोडा वेळ विचार करून म्हणते, म्हणजे त्या मांडवात वयाच्या मुद्द्यावर लग्न थांबलंच नसतं, गोत्रावरच थांबलं असतं, आणि देवलांना ते माहीत होतं. आता हे बरोबर की चूक यावर वाद घाला खुशाल, पण हे वाक्य गाइडमध्ये सापडत नाही. तिच्या नजरेत ते नाटक तिथून पुढे अवघड राहिलं नाही, गुंतागुंतीचं झालं.

आता एकच प्याला. इथे खरी कुस्ती आहे. गडकऱ्यांचं वाक्य सुरू झालं की संपतच नाही, अनुप्रास, कोट्या, उपमांवर उपमा, आणि पोरं पहिल्या पानावरच 'सर हे कोण बोलतं असं' म्हणून पुस्तक खाली ठेवतात. कोणी बोलत नाही हेच उत्तर आहे. हे डोळ्याने वाचायचं गद्यच नाही, हे फेकायचं गद्य आहे. माइक नव्हते, थिएटरच्या पार मागच्या बाकावर बसलेल्यापर्यंत शब्द पोचवायचा होता, आणि पल्लेदार वाक्य पेलणारा नट बघायला लोक पैसे मोजत होते. म्हणून अर्थ विचारायच्या आधी मी पेन्सिल देतो.

पद्धत अशी. नाटकाचा नायक सुधाकर आपल्या मित्राला, रामलालला, दारुड्याच्या एकेक पायऱ्या सांगतो ते मोठं भाषण घ्यायचं. आधी प्रत्येक वाक्याचं क्रियापद शोधून त्याखाली रेघ मारायची. मराठीत ते शेवटी येतं, म्हणजे तिथे पोचेपर्यंत सूर खाली पडू द्यायचा नाही, पडला की वाक्य मेलं. मग श्वासाच्या जागा ठरवून तिथे उभी रेघ, आणि श्वास स्वल्पविरामालाच घ्यायचा असं काही नाही, विचार जिथे वळतो तिथे घ्यायचा. मग नुसतं म्हणायचं, अभिनय नको, भावना नको, फक्त शेवटपर्यंत जायचं. इंजिनिअरिंगचा एक साताऱ्याचा पोरगा आहे, एरवी तो दोन वाक्यांत तीनदा 'म्हणजे' म्हणतो. त्याने पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो निम्म्यात धापा टाकत थांबला. रेघा मारून परत वाचलं, मग परत, आणि एका वेळेला तो त्या क्रियापदावर असा उतरला की बाकीच्यांनी न सांगता टाळ्या वाजवल्या. त्याला स्वतःलाच कळेना काय झालं. मग म्हणाला, सर हा माणूस नशेत नाहीये इथे, हा वकिली करतोय, स्वतःच्याच विरुद्ध केस लढवतोय. मी थक्क. सुधाकर वकील आहे, कोर्टातल्या अपमानावरून आणि सनद गेल्यावरूनच तो दारूकडे वळतो, हे आपण सगळे वर्षानुवर्षं जाणतो, पण त्या भाषणाची बांधणीच युक्तिवादाची आहे हे त्या पोराला जिभेवरून कळलं. अर्थ नंतर येतो तो असा.

दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. पोरांना नाटकाशी भांडू द्या. सुधाकरच्या बायकोवरून, सिंधूवरून, आमच्याकडे अक्षरशः रणकंदन झालं. ही बाई एवढं का सोसते, दळणं दळते, माहेरच्या मदतीला नाही म्हणते, हे कौतुकाने दाखवायचं असतं का. एक मुलगी तर चिडून घरी जाऊन पुढचं सगळं वाचून आली, आणि शेवटी मरताना सिंधू पोलिसाला खोटं सांगून नवऱ्याला वाचवते तिथे तिने पानाच्या कडेला 'नाही!!' असं लिहून ठेवलं होतं. मी काही सिंधूची वकिली केली नाही. मलाही ते झेपत नाही खरं सांगायचं तर. फक्त एवढं विचारलं की मग याच नाटकात गीता कशाला आहे? सुधाकरला दारूला लावणाऱ्या तळीरामाची बायको, नवऱ्याला तोंडावर बोलणारी. आणि बालविधवा शरद, आणि तिच्याबद्दल स्वतःच्या मनात काय चाललंय ते रामलालला कळतं तो भाग? लेखकाला फक्त पतिव्रतेची आरती ओवाळायची असती तर ही माणसं त्याने का आणली असती? यावर उत्तर माझ्याकडेही नाही. पण आता ती मुलगी गीताची वाक्यं शोधून शोधून वाचतेय, आणि 'सिंधू-गीता' अशी वीस मिनिटांची एकांकिका काढायचं तिच्या डोक्यात आहे, शब्द सगळे गडकऱ्यांचेच, फक्त जागा बदलायच्या. बघू.

आर्य मदिरा मंडळाचे, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाचे, प्रवेश कुठल्याही पटवण्याशिवाय चालतात. शास्त्री आणि खुदाबक्ष एका बैठकीला, वर सभेचा सगळा थाट. कॉलेजच्या कमिट्यांच्या मीटिंगा बघितलेल्या पोरांना काहीही समजावून सांगावं लागलं नाही, हसून हसून वाचनच थांबलं.

काय चाललं नाही तेही लिहितो. जुन्या नाटकांतली नांदी आणि सूत्रधार-नटीचा प्रवेश पहिल्या दिवशी वाचायला घेऊ नका, पोरं तिथेच सुटतात, नाटक आवडल्यावर मागे येऊन वाचतात. शब्दार्थांची यादी आधी वाटणंही बंद केलंय, यादी बघितली की परीक्षा आठवते. आणि बालगंधर्वांचं पुराण आवरतं घ्या, मी हे स्वतःलाच सांगतोय. ठिगळाच्या साडीत सिंधू उभी केली वगैरे आपल्याला भरून येतं, त्यांनी तो माणूस पाहिलेला नाही. एकदा एक रेकॉर्ड ऐकवावी आणि सोडून द्यावं. जातीवरचे आणि बायकांवरचे काही विनोद आज कानाला खरोखर टोचतात, ते झाकायचे नाहीत, वाचायचे, आणि कोणी 'हे घाण आहे' म्हटलं तर हो म्हणायचं.

पुढचं ठरलंय, खाडिलकरांचं कीचकवध. 1907 चं, 1910 ला सरकारने बंदी घातली. पोरांना आत्ताच खाज सुटलीय कारण बंदी म्हटलं की विचारूच नका. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, भीम म्हणजे जहाल, धर्मराज म्हणजे मवाळ हे मी आधी सांगणार नाहीये. 1905 च्या बंगालच्या फाळणीबद्दल एक पान वाचायला देणार आणि मग सरळ नाटक, बघू कोण पकडतं. शिवाय नाटकांवर नजर ठेवायचा कायदा 1876 चा, आणि आपल्याकडे आजही प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सरकारी सेन्सॉर बोर्डाकडे, पाठवावी लागते, तो फॉर्म भरलेला एकजण आमच्यात आहे, त्याला त्या दिवशी बोलायला लावणार.

कोणाकडे कीचकवधची जुनी, नटांनी पेन्सिलीने खुणा केलेली प्रत असेल तर फोटो पाठवा. श्वासाच्या रेघा त्यांनी कुठे मारल्यात ते पोरांना दाखवायचंय.